बीपीच्या खुर्चीवरची पाच मिनिटं

बीपी मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवायचं, असा नियम आहे. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको, अर्ध्या तासात चहा-कॉफी-तंबाखू नको, आणि मोजताना बोलायचं नाही. आम्ही डॉक्टर हा नियम एमबीबीएसला शिकतो आणि ओपीडीत विसरतो. मीही विसरले होते. संध्याकाळी बाहेर पंचवीस माणसं बसलेली असताना पाच मिनिटं कुठून आणायची? रुग्ण आत आला की पट्टा गुंडाळायचा, आकडा लिहायचा, पुढचा.

मागच्या वर्षी मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक खुर्ची ठेवली. औषधांची खोकी हलवून जागा केली. ज्यांचं बीपी पहिल्यांदा जास्त लागेल त्यांना सिस्टर तिथे नेऊन बसवतात, फोन बाहेर ठेवायला सांगतात, दार लोटून घेतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजतात. एवढीच व्यवस्था.

एका गुरुवारी एक बाई आल्या. वय चौतीस, तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी, दोन मुलं, नवरा चाकणला शिफ्टमध्ये. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण गोष्ट खरी आहे.) पहिलं बीपी १५२/९६. त्यांना खुर्चीवर बसवलं. पाच मिनिटांनी १३४/८६. मी त्यांना बोलवायला गेले तर म्हणाल्या, "मॅडम, अजून दोन मिनिटं बसू का? इथे मला कोणी हाक मारत नाहीये."

मी दार परत लोटलं. पण त्या दिवशी माझंच मन कामात लागेना. कारण या बाई त्याआधीच्या आठ महिन्यांत माझ्याकडे तीनदा येऊन गेल्या होत्या. एकदा डोकेदुखी, एकदा ॲसिडिटी, एकदा झोप लागत नाही म्हणून. तिन्ही वेळा मी गोळ्या लिहून दिल्या आणि तिन्ही वेळा जाताना सांगितलं, "स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा." कपाटातून साडी काढावी तसा वेळ काढायचा! त्या "हो मॅडम" म्हणाल्या होत्या. आपण बायका डॉक्टरला नाही म्हणत नाही.

म्हणून आजचा लेख नेहमीसारखा एखाद्या आजाराबद्दल नाही. "वेळ काढा" हा जो सल्ला आम्ही डॉक्टर इतक्या सहज देतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं आहे.

वेळ जातो कुठे

त्या बाईंना मी नंतर एक कागद दिला आणि एका कामाच्या दिवसाचा हिशोब लिहून आणायला सांगितलं. शुगरच्या पेशंटला जेवणाची नोंद ठेवायला सांगतो ना, तसंच. कागद परत आला तो दोन्ही बाजूंनी भरून. पहाटे पाच दहाला गजर. पाणी सव्वा सहापर्यंतच येतं, म्हणून आधी पाणी भरणं. मग तीन डबे: मोठीचा, धाकट्याचा, नवऱ्याचा. स्वतःचा डबा "उरलं तर". धाकट्याला अंघोळ, मोठीची वेणी, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या. साडेआठला स्कूटर काढायची. निगडीकडून येणारा रस्ता ज्यांनी त्या वेळी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. संध्याकाळी सातला घरी, वाटेत भाजी. कुकर, अभ्यास, उद्याच्या प्रोजेक्टला लागणारा जिलेटीन पेपर (रात्री साडेनऊला आठवलेला). नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली की तो साडेबाराला येणार, त्याचं ताट वाढून झाकायचं. ऑफिसच्या ग्रुपवर दहाला मेसेज. अकराला ओटा पुसून झाला.

मी कागद दोनदा वाचला. त्यात "बसले" हा शब्द एकदाच होता, तोही स्कूटरवर.

हा एकीचाच दिवस आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८. मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांची काळजी घेण्यात बायकांचे १३७ मिनिटं, पुरुषांचे ७५. याच खात्याची आधीची पाहणी २०१९ ची होती. तेव्हा घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं आणि पुरुषांचं नऊ मिनिटांनी. माझ्या मते त्या दहा मिनिटांचं श्रेय मिक्सर, गॅस आणि नळाला द्यावं, नवऱ्यांना नाही.

अमेरिकेत आर्ली हॉचशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं, नाव 'द सेकंड शिफ्ट'. नोकरी करून आलेल्या बाईची घरात दुसरी पाळी सुरू होते, असा त्याचा अर्थ. आपल्या तळवडे-चाकण-भोसरी पट्ट्यात सेकंड शिफ्ट म्हणजे काय हे लहान मुलालाही कळतं. पण कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीला भोंगा असतो, जेवणाची सुट्टी असते, आणि ओव्हरटाइम लिहिला जातो.

आणखी एक. नोकरी करणारी आई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॅपटॉपवाली येते. माझ्याकडे येणाऱ्यांत त्याहून जास्त बायका छोट्या शेडमध्ये पॅकिंग करणाऱ्या, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या तळवड्यातच वाढदिवसाच्या फुलबाजी मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली. त्यात गेलेल्यांमध्ये बहुतेक बायका होत्या. त्यांचाही दिवस असाच पहाटे पाण्यापासून सुरू होत असणार. या बायकांना मी "मेडिटेशन करा, सुगंधी मेणबत्ती लावा" असं सांगणार असेन तर माझी पदवी परत घ्यावी.

शांत बसल्याने शरीरात काय होतं

आपल्या शरीरात एक आपोआप चालणारी मज्जासंस्था असते. तिच्या दोन बाजू. एक बाजू धावपळीची: ती सुरू झाली की नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, पोटाकडे जाणारं रक्त कमी होतं. दुसरी बाजू विसाव्याची: नाडी मंदावते, पचन चालतं, स्नायू सैल पडतात. कुत्रं मागे लागलं तर पहिली बाजू हवीच. कुत्रं गेलं की दुसरीने ताबा घ्यायचा, अशी रचना आहे.

आईच्या बाबतीत कुत्रं जात नाही. म्हणजे धोका असा काही नसतो, पण कान सतत टवकारलेले असतात. कुकरची शिट्टी, धाकट्याचा खोकला, फोनची टिंग, सासऱ्यांची काठी. यातलं एकेक काम किरकोळ. पण कोणत्याही क्षणी हाक येईल या तयारीत राहणं किरकोळ नसतं. डोकेदुखीचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणारा, अशा वेळी बळावतो. मान आणि खांदे भरून येतात. जेवण उभ्याने, घाईत, चहा गार झाल्यावर, मग ॲसिडिटी. बाहेर स्वच्छतागृह धड नसतं म्हणून पाणी कमी प्यायचं, लघवी रोखायची, मग जळजळ आणि इन्फेक्शन. मी औषध देते आणि ते लागूही पडतं, महिनाभर.

शांत वेळ म्हणजे झोप नाही, हेही सांगायला हवं. झोप ही वेगळी गरज आहे आणि ती आधी येते. मोठ्या माणसाला सात तासांच्या आसपास झोप लागतेच. तुम्ही पाच तास झोपत असाल तर मिळालेला अर्धा तास सरळ झोपण्यात घालवा, ध्यानबिन राहू द्या. शांत वेळ म्हणजे टीव्हीही नाही. शांत वेळ म्हणजे ज्या वेळात कोणाला तुमच्याकडून काही नको आहे, आणि तशी खात्री तुम्हाला आहे. ही खात्रीच खरं काम करते. मागच्या खोलीत मी त्या बाईंना काहीच दिलं नव्हतं. फोन बाहेर होता, दार लोटलेलं होतं, आणि पाच मिनिटं कोणी येणार नाही असं सिस्टरनी सांगितलं होतं.

मेंदूलाही याचा उपयोग असतो. हातात काही काम नसतं तेव्हा मेंदू बंद पडत नाही, त्याचे काही ठराविक भाग उलट जास्त जागे होतात. मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्यावर नंतर बरंच संशोधन झालं. जुन्या आठवणी, पुढचे बेत, माणसांबद्दलचे विचार यांच्याशी त्या भागांचा संबंध आहे. गॅलरीत नुसत्या उभ्या असलेल्या बाईला "रिकामी काय उभी आहेस" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता एक धोक्याचा कंदील. त्या बाईंचं बीपी पाच मिनिटांत उतरलं म्हणून त्यांना बीपी नाहीच, असं मी म्हटलं नाही. १३४/८६ हाही अगदी निश्चिंत राहण्याचा आकडा नव्हे. वेगवेगळ्या दिवशी मोजून दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ च्या वर सरासरी राहत असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार लागतो. शांत बसणं हे गोळीच्या जागी नसतं. "मॅडमनी लिहिलंय, बसलं की बीपी जातं" असं सांगत कोणी गोळ्या बंद केल्या तर मी रागावेन.

रात्री साडेअकराचा फोन

झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक आयांना मी विचारते, रात्री फोन किती वेळ? आधी म्हणतात, नाही हो, थोडा वेळ. मग हळूच खरं सांगतात. सगळे झोपले की अंधारात पांघरुणात फोन. रील, साड्यांचे लाइव्ह, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातले व्हिडिओ. एक, दीड वाजतो. सकाळी पाचला परत गजर.

पूर्वी मी रागवायचे. एकदा एक मुलगी, धाकटं बाळ दीड वर्षांचं, मला म्हणाली, "मॅडम, दिवसभरात तेवढीच वेळ माझी आहे. ती पण काढून घेता का?" मला उत्तर आलं नाही. तिचं बरोबरच होतं. दिवसा कोणी वेळ देत नाही म्हणून ती रात्रीच्या झोपेतून चोरते. चोरी स्वतःच्याच घरात होते, एवढाच प्रश्न. फोनचा उजेड आणि त्याहून जास्त त्यातली एकामागून एक येणारी करमणूक झोप लांबवते, कमी झोपेने भूक वाढते, चिडचिड वाढते, आणि दुसऱ्या दिवशीचा राग नेमका मुलांवर निघतो. मग त्याचं वाईट वाटतं आणि ते विसरायला परत फोन.

आता मी फोन सोडा म्हणत नाही. मी म्हणते, हा तास सरकवा. रात्री साडेअकराचा तास संध्याकाळी साडेआठला येऊ शकेल का, ते बघू. आणि तो साडेआठला आणायचा तर त्या वेळी जे काम तुम्ही करता ते दुसऱ्या कोणीतरी करावं लागेल. इथे गाडी अडते. इथेच आम्ही डॉक्टर प्रिस्क्रिप्शन बंद करतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो.

"आमच्या वेळी नव्हती ही थेरं"

हे वाक्य मला बहुधा सुनेबरोबर आलेल्या सासूबाई ऐकवतात. मी त्यांना उडवून लावत नाही, कारण त्यांनी खरोखर ढोर मेहनत केलेली असते आणि त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे ते सांगतात. पण त्यांच्या वेळी काहीच नव्हतं, हे मला पूर्ण पटत नाही.

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. कष्टाचं काम, आज कोणी परत जातं आणा म्हणालं तर मी पहिला विरोध करेन. पण त्या अंधारात पुरुष झोपलेले, मुलं झोपलेली, समोर फार तर एखादी जाऊ किंवा शेजारीण. आणि तोंडाने ओव्या. त्या ओव्यांत माहेर होतं, भाऊ होता, सासुरवास होता, मेलेलं मूल होतं. जे दिवसा कोणापुढे बोलता येत नव्हतं ते जात्याला सांगितलं जायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून मावळ-मुळशीसह महाराष्ट्रभरातल्या खेड्यांत बायकांकडे बसून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. एक लाख! ज्यांना बोलायला वेळ नव्हता असं आपण म्हणतो, त्या बायकांच्या.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. हात सुटले, फार चांगलं झालं. पण पहाटेचा तो तासही गेला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत डबे आले. तेव्हा आजी, तुमच्या सासूबाईंना जातं होतं, तुम्हाला निदान दुपारची धान्य निवडायची वेळ होती. तुमच्या सुनेला काय आहे, सांगा. हे मी हसत म्हणते. कधी आजी हसतात. एकदा एक आजी खूप वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मला तरी कुठं होतं."

देहू माझ्या दवाखान्यापासून गाडीवर फार लांब नाही. महिन्या-दोन महिन्यांतून मी भंडारा डोंगरावर जाते. तुकोबा एकांतासाठी तिथे जाऊन बसत. एकांताची गोडी त्यांच्याइतकी कोणी जाणली असेल असं मला वाटत नाही. पण पायऱ्या चढताना मला हटकून आवली आठवते. ती भाकरी घेऊन डोंगर चढायची, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात, आणि सांगताना तिला कजाग ठरवतात. घरात दाणा नाही, पोरं लहान, दुष्काळ पाहिलेलं घर, आणि ही बाई रोज डोंगर चढते. जरा आवाज चढला तर काय नवल! माझी श्रद्धा कमी नाही, पण एक डॉक्टर म्हणून मला आवलीचं बीपी बघावंसं वाटतं. एकाच्या एकांताची भाकरी दुसरं कोणीतरी भाजत असतं. आता तिच्या एकांताची भाकरी कोण भाजणार, हा खरा प्रश्न.

दरवर्षी आषाढाच्या आधी वारीला निघालेल्या बायका बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला येतात. उन्हापावसात वीस दिवस चालायचं, उघड्यावर झोपायचं, साठी उलटलेली. मी काळजीने विचारते, जमेल का? त्यांच्यातल्या एकीचं उत्तर मला पाठ आहे: "मॅडम, वारीत मला कोणी विचारत नाही, आज भाजी कुठली करू."

मग करायचं काय

आधी रक्त तपासा. थकवा म्हणजे टेन्शन, असं बायकाच स्वतःचं निदान करून येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईला शांत बसवून ताजंतवानं करता येत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा, शुगर, आणि पाळीत अंगावरून किती जातं याची नीट चौकशी. जिना चढताना धाप, छातीत धडधड, चेहऱ्याला सूज, वजन अचानक कमी-जास्त होणं, यातलं काही असेल तर लेख इथेच बाजूला ठेवा आणि जवळच्या डॉक्टरकडे जा.

दुसरं, मनाचं. थकलेली बाई रविवारी दोन तास झोपली की जरा हसते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस नाही, रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, आपण नसलेलं बरं असे विचार येतात, तर तो थकवा नव्हे, आजार आहे आणि तो बरा होतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर याकडे घरच्यांनीच लक्ष ठेवायला हवं. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आता नवऱ्यांशी थोडं. "मी बायकोला मदत करतो" हे वाक्य मला आवडत नाही. मदत परक्याच्या कामात करतात. शिवाय बाईच्या डोक्यावर कामापेक्षा कामाची यादी जड असते. "सांग ना, काय करू?" असं विचारलं की यादी तिच्याच डोक्यात राहते. एक काम संपूर्ण घ्या. आपल्या पट्ट्यात बऱ्याच वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते. तिला शनिवार-रविवार किंवा नुसता रविवार. दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत म्हणून कुरकुर होते, पण मला यात सोय दिसते. गुरुवार तुमचा. डब्याला काय, हे बुधवारी रात्री ठरवण्यापासून ते गुरुवारी रात्री डबे घासून पालथे घालण्यापर्यंत. भाजी तिखट झाली तर होऊ द्या. आणि बायांनो, तुम्हीही त्या दिवशी ओट्याजवळ जाऊन "मीठ घातलं का" विचारू नका. माझ्या आईला हे शेवटपर्यंत जमलं नाही, मलाही नीट जमत नाही.

एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे कुठे बसायचं? रुपीनगरच्या, चिखलीच्या चाळींतून येणाऱ्या बायकांनी मला यावर शिकवलं. कोणी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि दहा मिनिटं जास्त थांबते. कोणी देवळात जाते. घरच्यांना देवाला गेलेली बाई चालते, नुसती बसलेली चालत नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडून डोळे मिटणाऱ्या तर किती! हेही धरा. तेवढ्या वेळात फोन पिशवीत ठेवा, खांदे खाली सोडा आणि श्वास बाहेर सोडायला घेण्यापेक्षा जरा जास्त वेळ द्या. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की नाडी मंदावलेली स्वतःलाच कळते.

घरात लहान मूल असेल तर एक डॉक्टरी सूचना. चार-पाच वर्षांचं मूल पंधरा मिनिटं स्वतःशी खेळायला शिकतं, त्याला ती सवय लावणं वाईट नाही. पण रांगणाऱ्या बाळाला पाण्याची बादली, गॅस, गॅलरी यांच्या भरवशावर सोडून शांत बसायचं नाही. त्या वेळी दुसरं मोठं माणूस हवंच.

कंपन्यांबद्दल एवढंच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असंही त्यात आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. माझ्याकडे येणाऱ्या किती जणींना हे माहीत असतं? फार थोड्या. एचआरला विचारा, लेखी विचारा, चार जणी मिळून विचारा. पन्नासच्या आतल्या शेडना पाळणाघराची ही सोय करणं बंधनकारक नाही, आणि आपल्याकडे अशा शेड गल्लोगल्ली आहेत.

शेवटी अपराधीपणाबद्दल, कारण सगळी सोय झाली तरी ते बसू देत नाही. माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मी रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून घरी यायचे. पार्किंगमध्ये गाडी लावली की मी उतरायचे नाही. इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकवून दहा मिनिटं बसायचे. वर आमच्या खिडकीत दिवा दिसायचा, मुलगी जागी आहे हे कळायचं, तरी बसायचे. घरी सांगायचे, गर्दी होती. वीस वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. मागच्या दिवाळीत मुलीला सांगितलं तर म्हणाली, "मला माहीत होतं. मी वरून बघायचे. तू वर आलीस की चिडलेली नसायचीस."

त्या चौतीस वर्षांच्या बाई दीड महिन्याने नवऱ्याला घेऊन आल्या. हिमोग्लोबिन ९.४ निघालं होतं, लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. घरी मोजलेल्या बीपीची वही आणली होती, सरासरी १२८/८२. ते लोहामुळे की झोपेमुळे की गुरुवारमुळे, मी सांगू शकत नाही. डोकेदुखी आठवड्यातून एकदा होते म्हणाल्या, आधी रोज व्हायची. गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास गच्चीवर जातात.

"काय करता वर?" मी विचारलं.

"काही नाही. पाण्याच्या टाकीला टेकून बसते. पहिले दोन गुरुवार नुसतं रडू आलं. आता नाही येत."

नवरा तोवर मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, ती खुर्ची हीच का? माझं पण एकदा मोजून बघता?" सिस्टरनी त्याचा फोन बाहेर ठेवून घेतला आणि दार लोटलं.